डिक्कीकाका

बर्फाला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातलं पहिलं आरशातच पाहिलं, कारण मी नागपूरचा. उन्हाशी आमचं घरचं नातं, गारठ्याशी साधी ओळखही नाही. पण डिक्कीकाकांचं घाबरणं ही निराळीच विद्या होती. टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईनं नुसती भुवई उंचावली की न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत काकांचे गुडघे वाजायचे, आणि ते वाजले की आम्हा पंचवीस-तीस मराठी घरांचे फोन वाजायचे. "उद्या तीन इंच आहे. पेट्रोल किती आहे गाडीत? काटा अर्ध्याच्या खाली असेल तर आत्ता ऊठ." आत्ता म्हणजे आत्ता. मी एकदा अर्धी दाढी झालेली असताना उठून पंपावर गेलो आहे. पंपावरच्या माणसानं माझ्या एका गालाला 'गुड मॉर्निंग' म्हटलं, दुसऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काकांचं खरं नाव त्यांच्या मेलबॉक्सवर होतं आणि तिथेच राहिलं. मूळचे मिरजेचे, मेकॅनिकल इंजिनिअर. तरुणपणी एक सूटकेस आणि एक प्रेशर कुकर घेऊन अमेरिकेत आलेले. आमची ओळख झाली तेव्हा रिटायर होऊन बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायचं. उंची बेताची, पण ऑक्टोबर उजाडला की अंगावर इतके थर चढवत की त्यांना मिठी मारायला दोन माणसं लागत. दारात कुणी आलं की इतर लोक म्हणतात, "या, बसा, पाणी घ्या." काका म्हणत, "डिक्की उघड." त्यांच्या भाचीला बघायला आलेल्या मुलालाही म्हणाले होते. तो मुलगा डिक्कीत नापास झाला, स्थळ मोडलं, आणि पुढच्याच आठवड्यात तो पातळ जाकीट घालून बर्फात अडकला, असं काकू सांगत. मला यातलं निम्मं खरं वाटतं. कोणतं निम्मं, ते मात्र अजून ठरलेलं नाही.

माझी त्यांची पहिली भेट माझ्या मूर्खपणानं घडवून आणली. इथला आमचा पहिलाच हिवाळा. सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ असा बसलेला की गाडी कुणी लपेटून ठेवली आहे असं वाटावं. मी शहाणा माणूस. आत गेलो, आंघोळीला तापवतात तसं मोठं पातेलं भरून पाणी तापवलं, आणि बाहेर येऊन भसकन् काचेवर ओतलं. काच फुटली. म्हणजे अशी फुटली, की तो आवाज आपल्या लोकांच्या दुकानांच्या गावी, एडिसनपर्यंत गेला असेल आणि तिथल्या मिठाईवाल्यानं हातातला झारा खाली ठेवला असेल. समोरच्या घरातून पाच स्वेटर घातलेलं एक गोल गाठोडं धावत आलं.

"अरे, गाडी म्हणजे काय पडसं झालेलं पोर आहे, शेक द्यायला?"

"काका, मला वाटलं..."

"कुठला तू?"

"नागपूरचा."

"मग बरोबर आहे," असं म्हणून ते गाडीच्या मागे गेले, कंबरेत वाकले, काहीतरी पाहिलं, हातमोज्यानं काहीतरी झाडलं आणि परत आले. फुटली होती पुढची काच आणि हे गृहस्थ बघत होते मागे. मला वाटलं, वय झालंय, कंबर मोकळी करत असतील. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'नागपूर' झालो. "नागपूर, डिक्की उघड!" अशी हाक आली की आमची ही, म्हणजे मृणाल, मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोळे दाखवायची, कारण डिक्कीत नेहमी तिला नको असलेलंच काहीतरी सापडे.

काकांचा दसरा पाहायला पाहिजे होता. सगळीकडे दसऱ्याला गाडी धुतात, कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, झालं. काकांच्या ड्राइव्ह-वेमध्ये आधी परीक्षा असे. आमच्या गाड्या रांगेत उभ्या. काकू ताम्हन आणि हार घेऊन पायरीवर, आणि काका टॉर्च, हवा मोजायचं यंत्र आणि एक नाणं घेऊन टायरपाशी बसलेले. नाणं उलटं धरून टायरच्या खाचेत खुपसायचं. नाण्यावरच्या राष्ट्राध्यक्षाचं डोकं बुडालं तर टायर पास. सगळं डोकं वर दिसलं की काका हात वर करून गल्लीला ऐकू जाईल असं सांगत, "राष्ट्राध्यक्ष कोरडे आहेत! हार नाही!" मग बॅटरी. मग काच धुवायचं पाणी उन्हाळ्यातलंच आहे की थंडीत न गोठणारं भरलंय, ते. मग दाराच्या रबराला तेल. ज्याच्या गाडीला हार मिळत नसे तो माणूस दिवाळीपर्यंत मराठी मंडळात तोंड लपवून फिरत असे. एक हृदयाचे डॉक्टर होते, अमेरिकनांची छाती उघडून बंद करणारे. त्यांना सलग तीन वर्षं हार मिळाला नाही. चौथ्या वर्षी मिळाला तेव्हा ते रडले. (डोळे पुसले एवढंच मी पाहिलं. पण रडलेच असणार.)

काकू म्हणायच्या, "अहो, सणाच्या दिवशी तरी कुणाला नापास करू नका. देव बघतोय."

"देवाला स्नो टायर लागत नाहीत," काका म्हणत. "यांना लागतात."

परीक्षेनंतर प्रत्येकाच्या डिक्कीत डबा जायचा. डबा कसला, झाकण असलेला प्लॅस्टिकचा हौदच. त्यात दोन ब्लँकेटं, आखूड दांड्याचं फावडं, बॅटरी जोडायच्या वायरी, टॉर्च, हातमोजे, रुतलेल्या चाकाखाली टाकायला मांजराच्या शीची वाळू, पत्र्याच्या डब्यात बसवलेली मेणबत्ती, आणि काकूंच्या हातचे डिंकाचे लाडू. वाळू आणि लाडू शेजारी शेजारी ठेवू नयेत, हे एका पाहुण्यानं आम्हाला अनुभवानं शिकवलं. एवढं कशाला, म्हणून मी एकदा हसलो. काका हसले नाहीत. म्हणाले, "भीती डोक्यात ठेवू नये नागपूर, डिक्कीत ठेवावी. डोक्यात ठेवली की झोप लागत नाही. डिक्कीत ठेवली की लागते." आणि डब्याचं झाकण त्यांनी दोन्ही तळव्यांनी असं दाबून बसवलं, की आतून कुणी वर ढकलत असावं.

त्यांच्या दोन सवयी मात्र मला कधी कळल्या नाहीत. एक, ती मागची नळी. ज्या नळीतून गाडीचा धूर बाहेर पडतो ती. बर्फ पडून गेला की काका आधी कुणाच्याही गाडीच्या मागे जाऊन वाकत, नळीच्या तोंडाशी हात घालत. "इंजिन सुरू करायच्या आधी नळी बघ. काच राहू दे, टप राहू दे. आधी नळी." पोरं त्यांची नक्कल करायची. आमची सई पाच वर्षांची होती, ती आपल्या तीनचाकी सायकलच्याही मागे जाऊन वाकायची.

दुसरी सवय चहाची. मिरजेचा माणूस, चहावर जीव. पण हिवाळ्यात त्यांच्या घरी मंडळी जमली की काका चहाला हात लावत नसत. काकू कप भरत, वर बशी झाकत. लोक निघायला लागले की काका ड्राइव्ह-वेमध्ये उभे. शेवटची गाडी वळणाआड जाईपर्यंत उभे. मग आत येऊन एकेकाला फोन. "पोचलास?" सगळे पोचले की बशी काढून तो गार, साय धरलेला चहा पीत. लोक म्हणायचे, म्हातारा विक्षिप्त आहे. मीही म्हणायचो. जरा मोठ्यानंच म्हणायचो.

आता त्या दिवसाचं सांगतो. इथपर्यंत मी जे वाढवून सांगितलं असेल ते असेल. यापुढचं वाढवायची माझी हिंमत नाही.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. मृणालचं हळदीकुंकू रविवारी. चाळीस बायका येणार, वाण म्हणून स्टीलच्या खोलगट ताटल्या द्यायच्या ठरल्या, त्या एडिसनला ओक ट्री रोडवर मिळणार. शनिवारी सकाळी काकांचा फोन. "दुपारनंतर सहा इंच सांगतायत. आज टू-एटी-सेव्हन हायवेवर जाऊ नकोस."

"हो काका."

आपल्या माणसांत ही एक वाईट खोड आहे. मोठ्या माणसाला 'नाही' म्हणायचं नाही. 'हो काका' म्हणायचं, फोन ठेवायचा आणि आपल्याला हवं तेच करायचं. दोन्ही बाजू खूश. चाळीस ताटल्या, तांदळाची पोती, तिळगुळाचे डबे, एवढं सगळं मावावं म्हणून मी काकांचा डबा डिक्कीतून काढून गॅरेजमध्ये ठेवला. आणि गाडी हळूच, चोरासारखी, काकांच्या खिडकीला कळणार नाही अशी बाहेर काढली. मागे सई तिच्या सीटवर, पुढे माझ्या शेजारी मृणाल.

जाताना आभाळ निरभ्र होतं. मी मृणालला म्हणालो, "बघ तुझे काका!" (काका कौतुकाचे असले की माझे असत, चेष्टेचे असले की तिचे.) परतताना दीड वाजता पहिला कण पडला. दोन वाजता पुढची गाडी दिसेना. मॉरिसटाऊनच्या अलीकडे चढ आहे. तिथे पुढे कुठेतरी एक भला मोठा ट्रक रस्त्यावर आडवा झाला आणि सगळा महामार्ग जागच्या जागी उभा राहिला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ती मागे निघाली. चढावरून उलटी, अगदी सावकाश, कुणी मागून शेपूट धरून ओढत असल्यासारखी घसरत गेली, आणि कडेला बर्फ काढणाऱ्या गाडीनं, म्हणजे प्लाउनं, रचलेल्या ढिगात तिचं बूड भप्पकन् जाऊन बसलं. कुणाला काही लागलं नाही. सई म्हणाली, "अगेन!"

मी इंजिन चालू ठेवलं, हीटर मोठा केला. तिळगुळाचा एक डबा फोडला. वीसेक मिनिटांनी काकांचा फोन आला.

"तुझी गाडी दिसत नाही दारात."

"काका, ते जरा... एडिसनला. आता टू-एटी-सेव्हनवर उभे आहोत. ट्रॅफिक आहे."

ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. "डब्यातली ब्लँकेटं काढलीस?"

डबा गॅरेजमध्ये. मी म्हणालो, "हो काका."

"नळी बघितलीस?"

बाहेर वारा असा होता की दार उघडलं असतं तर हातातच आलं असतं. मी म्हणालो, "हो काका."

आणि फोन ठेवला. मृणालनं माझ्याकडे पाहिलं आणि कपाळ चोळलं. तिचं डोकं दुखत होतं. माझंही दुखायला लागलं होतं, कपाळाच्या मधोमध, घट्ट फडकं बांधल्यासारखं. दोघांनी ठरवलं, उपाशी आहोत म्हणून. आणखी थोडे तिळगूळ खाल्ले. बाहेर सगळं पांढरं, काचा पांढऱ्या, आत ऊब. इतकी छान ऊब की कशाचीच घाई वाटत नव्हती. सई बडबडायची थांबली होती. मागे वळून पाहिलं तर मान एका बाजूला टाकून झोपली होती, गाल गुलाबी.

फोन पुन्हा वाजला. तो कुठे आहे हे मला शोधावं लागलं. तो माझ्या हातातच होता.

"सई काय करतेय?" काकांनी विचारलं.

"झोपलीये."

"कधीपासून?"

"आत्ताच. म्हणजे... माहीत नाही, काका."

"तुझं डोकं दुखतंय?"

"थोडंसं. भुकेनं."

"मृणालचं?"

"तिचंही."

मग काका बोलले तो आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. उलट अगदी बारीक होता, एखाद्या पोराचा असावा तसा. "इंजिन बंद कर. काचा खाली घे. पोरीला उठव."

"काका, बाहेर किती गारठा आहे! पाच मिनिटं थांबा, वारा जरा..."

"मधूला मी पाच मिनिटंच म्हणालो होतो."

"कोण मधू?"

"माझा रूममेट. इथल्या पहिल्या वर्षीचा. तो गाडी गरम करायला खाली गेला. मी म्हटलं, पाच मिनिटांत येतो, चहा संपवतो. मी दोन कप घेतले, नागपूर. खाली गेलो तर गाडी चालू, काचा बंद, मागे बर्फाचा ढीग, नळी बुजलेली, विषारी धूर सगळा आत. मला वाटलं, झोपलाय. त्याचेही गाल असेच गुलाबी होते." आणि मग मात्र ते ओरडले. "बंद कर ते इंजिन! पोरीला उठव!"

सईचे गाल गुलाबी आहेत हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी किल्ली फिरवली. चारही काचा खाली घेतल्या आणि आख्खा हिवाळा गाडीत शिरला. मृणाल मागे झेपावली. "सई! सई, ऊठ! सयू!" सई उठेना. मृणालनं तिचे खांदे धरून हलवलं, मान या बाजूची त्या बाजूला गेली. मी हाका मारत होतो की नुसतं तोंड उघडत होतो, मला आठवत नाही. मृणालनं खिडकीतून येणारा बर्फ मुठीत घेऊन तिच्या गळ्याशी चोळला. एक, दोन, तीन, आणि मग सईनं डोळे न उघडताच आईच्या हातावर एक चापट मारली. त्या चापटीचा आवाज... असो. मग ती ओकली, मग रडली, खूप रडली. मुलीचं रडणं ऐकून बाप इतका आनंदी झालेला त्या महामार्गावर कुणी पाहिला नसेल.

फोनमधून काका ओरडत होते. "रडतेय ना? रडू दे! आता फावडं घे आणि मागे जा!"

"काका, फावडं नाहीये."

"का?"

"डबा गॅरेजमध्ये आहे."

यावर काका काहीही बोलले नाहीत. आयुष्यात मला इतक्या शिव्या कुणी दिल्या नाहीत, जेवढ्या त्या दोन सेकंदांत त्यांनी दिल्या नाहीत. मग म्हणाले, "डिक्कीत काय आहे?"

"ताटल्या. वाणाच्या."

"स्टीलच्या?"

"हो."

"मग बघतोस काय? फोन चालू ठेव. मला खरवडल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. तुझ्या 'हो काका'वर माझा विश्वास नाही."

अशा रीतीनं मी, नागपूरचा सॉफ्टवेअरवाला, हळदीकुंकवाची ताटली घेऊन न्यू जर्सीच्या बर्फात गुडघ्यावर बसलो आणि खणायला लागलो. हातमोजे डब्यात, डबा गॅरेजात, म्हणून मृणालच्या ओढणीनं हात गुंडाळले. नळी ढिगात पुरती गाडली गेली होती. पहिली ताटली वाकली, दुसरी घेतली. तीही वाकली. खिशातून काकांचा आवाज येत होता. "ऐकू येत नाही! जोरात!" मी जोरात खरवडायचो. नळीचं काळं तोंड दिसलं तेव्हा मी ताटली टाकून त्यात बोट घालून पाहिलं, रस्ता मोकळा आहे की नाही. त्या बोटावर डाग आहे अजून. मृणाल म्हणते, तो डाग लहानपणापासूनचा आहे. तिला बोलू द्या.

चार तास आम्ही तिथे होतो. सई तेवढ्यात दोनदा ओकली आणि मग तिनं तिळगूळ मागितला. इंजिन थोडा वेळ चालू, बराच वेळ बंद, एक काच बोटभर खाली. आणि दर वेळी किल्ली फिरवण्याआधी फोन. काका एकच शब्द बोलायचे, "नळी?" मी उतरायचो, खरवडायचो, त्यांना आवाज ऐकवायचो. मागच्या गाडीतला एक आडदांड माणूस खाली उतरून बघायला लागला. कुठला धार्मिक विधी चाललाय असं त्याला वाटलं असणार. मी त्याच्याही नळीकडे बोट दाखवलं आणि त्याला एक ताटली दिली. त्यानं ती छातीशी धरून मान झुकवली. हळदीकुंकू न लावता वाण दिल्याबद्दल मृणाल आजही मला बोलते.

रस्ता सुटल्यावर आधी सईला डॉक्टरकडे नेलं. ती ठीक होती. घरी पोचलो तेव्हा काका आमच्या ड्राइव्ह-वेमध्ये उभे होते. टोपीवर चार बोटं बर्फ, म्हणजे किती वेळ उभे होते ते समजा. मी उतरलो आणि त्यांनी काही म्हणायच्या आत स्वतःहून डिक्की उघडली. डबा असायचा ती जागा त्यांनी पाहिली. तिथे तांदळाचं पोतं होतं. काका मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सगळ्यात वाकडी झालेली ताटली उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही मला देशील?" मग सईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रस्ता ओलांडून घरी गेले. समोरच्या खिडकीत काकू दिसल्या. त्यांनी कपावरची बशी काढली.

मधूचं नाव काकांनी पुन्हा कधी काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. पुढच्या दसऱ्याला ते पुन्हा टॉर्च घेऊन टायरपाशी बसले आणि माझे राष्ट्राध्यक्ष कोरडे निघाले, तेव्हा जाहीरही केलं. पण आता मला त्यांच्याकडे बघताना हसू येत नसे. एवढ्या लोकांच्या डिक्क्यांमध्ये भरूनही यांच्या डोक्यातली भीती संपलेली नाही, असं वाटायचं. झाकण बसलं तरी ते पुन्हा पुन्हा दाबत राहायचे. मी म्हणायचो, "काका, द्या इकडे, मी दाबतो."

आयुष्यभर हिवाळ्याला घाबरलेला हा माणूस गेला तो भर जुलैमध्ये, दुपारच्या झोपेत. गेल्या वर्षीची गोष्ट. अंत्यविधी आटोपून आम्ही सगळे पार्किंगमध्ये आलो. ऊन असं, की डांबर बुटाला चिकटत होतं. आणि मी पाहिलं, की आमच्या पंचवीस-तीस घरांतली माणसं, ते हृदयाचे डॉक्टरसुद्धा, गाडीत बसायच्या आधी आपापल्या गाडीच्या मागे गेली आणि वाकली. मीही वाकलो. नळी उन्हानं तापली होती, हात भाजला.

काकूंनी नंतर ती वाकडी ताटली मला आणून दिली. काकांच्या डब्यात सगळ्यात वर, दोरीनं बांधून ठेवलेली होती. या दसऱ्याला ती मी सईच्या गाडीत ठेवली. सई आता सतरा वर्षांची आहे, नवीन लायसन्स, जुनी गाडी. "बाबा, धिस इज सो एम्बरसिंग," ती म्हणाली. टू-एटी-सेव्हनवरचं तिला काहीच आठवत नाही. तिळगूळ तेवढा आठवतो. मी तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, "बाबा, यू एक्झॅजरेट." बाकीच्या आयुष्यात मी जे पेरलं ते असं उगवलं.

परवा पहिला बर्फ पडला. दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला. मी खिडकीशी उभा. मृणालनं चहा आणून ठेवला, मी त्यावर बशी ठेवली. मी सईला फोन लावला.

"इंजिन चालू करायच्या आधी नळी बघ."

"हो बाबा."

ही मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलते. मराठीत 'हो बाबा' म्हणते ती फक्त फोन ठेवायचा असला की. त्या दोन शब्दांची किंमत काय असते, ते मला कुणी शिकवायला नको. मी म्हणालो, "ठेवू नकोस फोन."

"बाबा, होल्ड ऑन, माझे हात बिझी आहेत."

"कशात? गाडी चालू केलीस का? सई! काच खाली आहे का?"

नुसता वाऱ्याचा आवाज. मुलांचा गलका. मी भिंतीला धरून उभा होतो. मग कुणीतरी पोरगी दुरून ओरडली, "सई, डू माइन नेक्स्ट!" आणि सई तिला म्हणाली, "वेट, डोंट स्टार्ट इट! प्लाउनं सगळ्यांच्या मागे... द प्लाउ बरीड एव्हरीवन! आय हॅव अ प्लेट!"

आणि मग फोनमधून तो आवाज आला. स्टीलचा, बर्फावर खरवडण्याचा. जोरात.